पूजेतला तेराचा पाना

चांगल्या कामाला मुहूर्त लागत नाही असं म्हणतात. गायधनींच्या घराण्यात हे वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या कैक पिढ्या रामकुंडावर यात्रेकरूंना संकल्प सांगण्यात गेल्या. उपेंद्रराव स्वतः विम्याच्या ऑफिसात फायली हलवून निवृत्त झाले आणि इंदिरानगरात फ्लॅट घेऊन राहिले, तरी शनिवारी तेल आणायचं नाही आणि अमावास्येला दाढी करायची नाही, हे त्यांनी सोडलं नव्हतं. असा हा माणूस खंडेनवमीच्या सकाळी पंचांग न उघडता, जुना लेंगा चढवून गाडीखाली शिरला. तेही बायकोवरच्या प्रेमापोटी. पुढचं सगळं रामायण त्या प्रेमानेच घडवलं.

झालं होतं असं, की कुसुमबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. बरोबरीच्या बायका भजनी मंडळात जात होत्या, योगासनं करत होत्या. ह्यांना क्लच दाबायचा होता. शिकवणारा मुलगा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. पूर्वी पाढे चुकले म्हणून ज्याला बाकावर उभं केलं, तो आता "बाई, आरशात बघा, आरशात!" म्हणून ओरडू लागला. बाईंनी तेही मुकाट्याने ऐकून घेतलं आणि लायसन्स मिळवलं. सोसायटीभर पेढे वाटले. उपेंद्ररावांनीही मागून घेऊन खाल्ले. पण गाडीची किल्ली काही त्यांच्या खिशातून बाहेर आली नाही.

नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. नाही म्हणायला छाती लागते. पाऊस होता तेव्हा ते म्हणाले, रस्त्यात खड्डे फार आहेत. गणपतीत म्हणाले, गर्दी फार आहे. मग पितृपंधरवडा लागला, त्यात नव्या कामाला हात घालायचा नसतो. तो संपला तर घट बसले, आणि घरात अखंड दिवा असताना किल्ली फिरवणं बरं नव्हे असं एक नवंच शास्त्र निघालं. कुसुमबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अष्टमीला जेवताना पानात भात वाढत म्हणाल्या, "दसऱ्याला मी ताईकडे चाललेय, येवल्याला. गाडीने. गाडी मी चालवणार. साडेतीन मुहूर्तांतला दिवस आहे, त्याला तर मुहूर्त बघावा लागत नाही ना?"

पंचांगाने मारणाऱ्याला पंचांगानेच धरलं होतं. उपेंद्ररावांचा घास तोंडातच राहिला.

"आणि मी?"

"यायचं तर या. मागच्या सीटवर बसायचं आणि बोलायचं नाही." मग आमटीची वाटी सरकवत त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आणि ह्या वेळी ऐनवेळी गाडीला काही झालं, तर मी समजायचं ते समजेन."

ओरडल्या असत्या तर उपेंद्ररावांना बरं वाटलं असतं. त्यांच्या शांतपणाने ते हलले. त्यांना स्वतःची लाज वाटली. खरं काय होतं, तर त्यांना भीती वाटायची. ती हायवेला एकटी गेली आणि आपल्याला कुणाचा तरी फोन आला तर, एवढी एकच भीती; पण ती सांगायची कशी, हे त्यांना गेल्या तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. शिवाय मोहरीएवढी दुसरीही एक भीती होती, की ही आपल्यापेक्षा बरी चालवेल. ती तर सांगायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवलं, की बोलण्यापेक्षा काहीतरी करून दाखवावं. गाडीचं इंजिन ऑइल काळंकुट्ट झालं होतं. ते स्वतःच्या हाताने बदलायचं, गाडी झकास करून द्यायची आणि म्हणायचं, घे. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस चहा पिता पिता ऑइल बदलत होता. इंजिनाच्या तळाशी एक नट असतो, तो काढला की जुनं ऑइल बाहेर, मग नट लावला आणि वरून नवं ओतलं की झालं काम. उपेंद्रराव नव्या ऑइलचा डबा घेऊन आले.

नवमीला सकाळी त्यांच्या घरी शस्त्रपूजा झाली. कुसुमबाईंनी देवघरापुढे पाट मांडून सगळी हत्यारं ओळीने ठेवली होती. विळी, सुऱ्या, अडकित्ता, कात्री, हातोडी, रॉकेलने पुसून लख्ख केलेला पान्यांचा सेट, मिक्सरचं पातं, त्यांचं स्वतःचं लाल पेन आणि मधोमध चांदीच्या वाटीत गाडीची किल्ली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. उपेंद्ररावांनी मंत्र म्हटले आणि शेवटी दरवर्षीप्रमाणे बजावलं, "आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पूजेतलं हत्यार उचललं तर ते वर्षभर उलटतं." हा नियम त्यांच्या वडिलांचा. त्यापायी गायधनींकडे नवमीला हाताने मोडलेल्या उकडलेल्या बटाट्यांची भाजी व्हायची, आणि कुसुमबाईंनी लग्न होऊन आल्यापासून ती केली होती.

लेंगा चढवून, ऑइलचा डबा काखेत मारून उपेंद्रराव दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांना आठवलं की नट चौदाच्या पान्याने निघतो आणि चौदाचा पाना झेंडूखाली आहे.

शहाणा माणूस तिथून परत फिरला असता. उपेंद्ररावांना स्वयंपाकघरातल्या सिंकखाली प्लंबर विसरून गेलेला पाना आठवला. त्याचं तोंड स्क्रूने लहानमोठं करता यायचं, म्हणजे कधीतरी करता येत असावं; आता ते गंजून अर्धवट उघडं राहिलं होतं. पण पूजेत नसलेला असा घरात तो एकच पाना होता. जॅकही डिकीत राहिल्यामुळे देवत्वातून सुटला होता, आणि किल्ली पूजेत जाण्याआधीच त्यांनी गाडी उघडून ठेवली होती. उपेंद्ररावांनी गाडी उचलली, खाली विटा लावल्या, पाठीखाली पोतं टाकलं आणि आत सरकले.

नट दिसला. त्यांनी पाना अडकवला आणि जोर लावला. नट हलला नाही. आणखी जोर लावला. मग दोन्ही पाय चाकाला टेकवून, दात खाऊन, कुलदेवतेचं नाव घेऊन असा हिसका दिला, की पाना सर्रकन घसरला, त्यांची बोटं लोखंडावर आपटली आणि डोळ्यांत माती गेली. डोळे पुसून त्यांनी नटाकडे पाहिलं. नटाचे सहाही कोपरे गेले होते. एखादी सुपारी तिथे बसवावी तसा तो गुळगुळीत गोल झाला होता.

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. उपेंद्रराव गाडीखाली तसेच पडून राहिले. लांडगा आला रे आला म्हणून तीन महिने ओरडलेल्या माणसाच्या दारात आता खरोखरच लांडगा येऊन बसला होता, आणि त्यांना दिसत होता तो फक्त कुसुमबाईंचा चेहरा. "समजायचं ते समजेन."

"काका, जिवंत आहात ना?" असं म्हणत यशोधन खाली वाकला. हा वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा आणि कामाच्या वेळात सोसायटीत सगळीकडे सापडायचा. त्याने सगळी हकिगत ऐकली, खाली डोकावून नट बघितला आणि त्याला अतिशय आनंद झाला.

"क्लासिक केस आहे, काका. सोपं आहे."

त्याने गंज सोडवायचा स्प्रे आणून मारला. तो निम्मा उपेंद्ररावांच्या दाढीवर बसला. मग नटाभोवती रबर गुंडाळून ओढायची युक्ती त्याने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिली होती, तीही करून बघितली; रबर तुटलं. मग त्याच्या घरून सांडशी आली. सांडशी हे हत्यार धरायचं की भांडं, यावर उपेंद्ररावांनी थोडा वेळ घेतला आणि भांडं असा निकाल दिला. तिने नटाला धरलं खरं, पण पातेलं धरावं तसं, प्रेमाने. जोर लावताच तिचा खिळा निघून तिचे दोन भाग झाले.

"तुमच्याकडे बारा-तेराचा रिंग पाना असेल तर..." यशोधन मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

"आहे. पूजेत आहे."

"उचलता येणार नाही?"

उपेंद्ररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने विषय सोडला आणि मेकॅनिकलाच आणतो म्हणून स्कूटर काढली. पण किडा उपेंद्ररावांच्या डोक्यात शिरला होता. त्यांनी रामकुंडावर चुलतभावाला फोन लावला. देवव्रतदादा अजून घाटावर बसत, आणि नवमीला त्यांच्याकडे माणसांची रांग असे.

"कोण गेलं?" दादांनी फोन उचलताच विचारलं. सवय.

"कुणी नाही गेलं, दादा. नट गोल झालाय. पूजेतला पाना आजच उठवायचा झाला तर शास्त्र काय म्हणतं?"

पलीकडे घंटा वाजत होत्या.

"हे बघ, यात्रेकरू असता तर अक्षता टाक, उठव, म्हणून सांगितलं असतं. तुला कसं सांगू? मुंजीत माझ्या वडिलांची चूक काढणारा तू. तुझं तू ठरव बाबा." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात यशोधन स्कूटरवरून मल्हारीला घेऊन आला. मल्हारी सटाण्याकडचा. पाथर्डी फाट्याजवळ त्याचं गॅरेज होतं, आणि आपल्याला न उघडलेला नट अजून जन्माला यायचाय, हे तो गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगायचा. आज मात्र तो नवा शर्ट घालून, कपाळाला कुंकू लावून रिकाम्या हाताने आला होता.

"हत्यार कुठंय?" उपेंद्ररावांनी विचारलं.

"पूजात शे ना साहेब! आख्खं गॅरेज पूजेत हाय. आज मी पान्याला हात लावत नाय. नियम म्हंजे नियम." त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "पण सांगतो ना मी. तुम्ही करा."

आणि मल्हारी उंटावर चढला. हात पाठीमागे बांधून तो गाडीभोवती फिरू लागला आणि फर्मानं सोडू लागला. "आत सरका साहेब. अजून. मान डावीकडं. आता तो नट दिसतो का? कसा दिसतो?" त्याला स्वतःला वाकून बघायला कुणाची मनाई नव्हती, पण नव्या शर्टाची होती.

"आता मला सांगा, तुम्ही पाना कुठल्या अंगाला वढला?"

उपेंद्ररावांनी गाडीखालून हात फिरवून दाखवला. मल्हारी थबकला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते त्याने काही आवरलं नाही.

"आहो साहेब! खाली उताणं पडलं का डावं-उजवं फिरतं. तुम्ही नट सोडत नव्हते. तुम्ही तर त्याला आवळत होते! सकाळपासून सगळी ताकद लावून घट्ट करून ऱ्हायले!"

हे तो सोसायटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. आणि ते जिन्यात उभ्या असलेल्या कुसुमबाईंना ऐकू गेलं. त्या ह्यांना चहाला बोलवायला खाली आल्या होत्या. त्यांनी जॅकवर चढलेली गाडी पाहिली, ऑइलचा डबा पाहिला, गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय पाहिले.

"घट्ट करत होते?" त्यांनी विचारलं.

"लय घट्ट, बाई!" मल्हारी कौतुकाने म्हणाला. "आता हा नट उद्या काय, गुढीपाडव्यालाबी निघायचा नाय."

कुसुमबाई वळल्या आणि वर गेल्या. उपेंद्रराव घाईघाईने उठायला गेले, तो कपाळ बंपरवर आपटलं.

ते वर आले तेव्हा कुसुमबाई ओट्याशी उभ्या राहून उकडलेले बटाटे हाताने मोडत होत्या. जरा जास्तच बारीक मोडत होत्या.

"कुसुम, मी मुद्दाम नाही केलं."

"बरं."

"अगं खरंच. मला ऑइल बदलून द्यायचं होतं. तुला आनंद व्हावा म्हणून..."

"झाला."

आणखी एक बटाटा गेला. मग त्या हात थांबवून म्हणाल्या, "मला वाईट कशाचं वाटतं, सांगू? खड्डे, गर्दी, पितर, घट. इतकी कारणं शोधलीत. त्यापेक्षा 'मला भीती वाटते' एवढं म्हणाला असतात, तर मी एखादा महिना थांबलेही असते. पण तुम्ही पंचांगाच्या आड जाऊन बसलात. आणि आता नटाच्या."

सगळं खरं होतं, एक नटाचं सोडून, आणि नेमकं तेवढंच पटवून देता येत नव्हतं. तीन महिने खोटं बोललो तेव्हा हिने चहा दिला आणि आज खरं बोलतोय तर बटाटे मोडतेय, असं उपेंद्ररावांना वाटलं, आणि त्यात तिची काडीची चूक नाही हेही वाटलं.

ते देवघरापुढे गेले. हात धुतले. पाटासमोर बसून त्यांनी चिमूटभर अक्षता घेतल्या.

कुसुमबाई हातात बटाटा घेऊन दारात आल्या. "अहो, काय करताय?"

"पुनरागमनाय च," उपेंद्रराव म्हणाले आणि पान्यांवर अक्षता टाकल्या. मग त्यांनी झेंडू बाजूला केला आणि बारा-तेराचा रिंग पाना उचलला.

"वर्षभर उलटेल!"

"उलटू दे."

कुसुमबाई बघतच राहिल्या. ह्या माणसाने त्यांच्या बाळंतपणातसुद्धा नवमीला विळी उठवू दिली नव्हती. उपेंद्रराव पाना घेऊन जिन्याकडे निघाले, आणि मागून त्यांना पावलं ऐकू आली. कुसुमबाई वरवंटा घेऊन येत होत्या.

"हातोडी राहू दे पूजेत," त्या म्हणाल्या. "हा पूजेत नव्हता."

खाली मल्हारी खुलला. "आता कसं! गोल झालेल्या नटाला एक नंबर लहान पाना ठोकून बसवायचा. चौदाच्या नटाला तेराचा. ठोका साहेब!" उपेंद्रराव आत सरकले. यशोधनने पाना धरला, उपेंद्ररावांनी वरवंट्याने ठोकला. पान्यावरचं कुंकू त्यांच्या नाकावर पडलं. ठोकता ठोकता पाना नटाच्या गोल डोक्यावर इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने चढत गेला आणि शेवटी गच्च बसला.

"आता वढा. उजवीकडं नाय! तुमच्या डाव्या... आहो, घड्याळ कधी बघितलं का? त्याच्या उलटं!"

उपेंद्ररावांनी ओढलं. काही झालं नाही. कुसुमबाई गाडीशेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी आत हात घालून पान्याचं शेवटचं टोक पकडलं. "तीन म्हटलं की," त्या वर्गात म्हणायच्या तशा म्हणाल्या. "एक. दोन."

तीन म्हणायच्या आतच नटाने कट्ट असा आवाज केला. पाना फिरला. यशोधनने जुना टब खाली सरकवला, पण पहिली धार उपेंद्ररावांच्या बाहीतून काखेपर्यंत गेली. काळं ऑइल भदाभदा टबात पडू लागलं. उपेंद्रराव बाहेर आले, नट अडकलेला पाना त्यांनी डोक्यावर उंच धरला आणि ते नाचले. खरोखर नाचले. कपाळाला टेंगूळ, नाकाला कुंकू, काखेत ऑइल, अशा अवस्थेत सेवानिवृत्त गायधनी पार्किंगमध्ये गोल गोल फिरले, आणि गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या.

"निघाला! कुसुम, निघाला!"

मल्हारीने नट निरखला. "झकास. पण हा नट गेला कामातून. आता नवा लागंल. दुकानं आज बंद, उद्या दसरा. परवा मिळंल."

टाळ्या थांबल्या.

"मल्हारी," कुसुमबाई हळूच म्हणाल्या, "हा नट निघत नव्हता, तेव्हा ऑइल गळत होतं का?"

"नाय बाई. थेंब नाय."

"म्हणजे तो तसाच राहू दिला असता, तर उद्या गाडी चालली असती?"

"चालली असती म्हंजे? मस्त चालली असती! अजून महिनाभर काय झालं नसतं."

"मग हे तू सकाळी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी गाडीचं इचारलं?" मल्हारीला खरंच राग आला. "मला नट काढायला आणलं!"

यशोधन मोबाइलमध्ये बघू लागला. उपेंद्रराव पोत्यावर बसले. गाडी चांगली होती. सकाळपासून चांगली होती. घाम गाळून, नियम मोडून, वरवंट्याने ठोकून त्यांनी ती आत्ता, ह्या क्षणी, सगळ्यांच्या साक्षीने बंद पाडली होती. त्यांना वर बघायची हिंमत होईना.

त्यांना हसण्याचा आवाज आला. कुसुमबाई हसत होत्या. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, गाडीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"आता माझी खात्री पटली," त्या श्वास घेत म्हणाल्या. "मुद्दाम करायला डोकं लागतं हो! मुद्दाम केलं असतं, तर नट निघाल्यावर नाचला नसतात."

उपेंद्ररावांना हा सन्मान आहे की अपमान, ते कळलं नाही. पण त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी तो दोन्ही म्हणून स्वीकारला.

"पण आता काय?" ते म्हणाले. "पाना तर सुटत नाहीये नटावरून." ते पाना आपटून बघत होते. तेराच्या पान्याने चौदाच्या नटाला अशी मिठी मारली होती, की दोघांना वेगळं करणं माणसाचं काम नव्हतं.

"सोडवायचा कशाला?" कुसुमबाई म्हणाल्या. "नटाचं डोकंच गेलंय ना? आटे चांगले आहेत. पान्यासकट लावा."

मल्हारीने हात पाठीमागून पुढे आणले, नट बोटाने चाचपला आणि परत मागे बांधले. त्याला ही युक्ती स्वतःला न सुचल्याचा त्रास झालेला दिसत होता. "चालंल," तो शेवटी म्हणाला. "फक्त पाना लोंबकाळला नाय पायजे. बांधून टाका."

ऑइल निथळल्यावर नट पान्यासकट आत गेला. ह्या वेळी घट्ट करायचा होता, आणि ते काम उपेंद्ररावांना चांगलं जमायचं. पान्याचं मोकळं टोक कुसुमबाईंनी वरच्या दांडीला तारेने बांधलं आणि त्यावर पूजेतला लाल नाडा गुंडाळला. नवं ऑइल ओतलं. थेंब गळला नाही. संध्याकाळी मोडलेल्या बटाट्यांची भाजी शेजारीपाजारी गेली आणि मल्हारी चहा पिऊन स्कूटरवर मागे बसून, विजयी मुद्रेने परत गेला.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. कुसुमबाईंनी वाटीतून किल्ली उचलली, आपट्याची पानं पर्समध्ये ठेवली आणि त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. उपेंद्रराव कबूल केल्याप्रमाणे मागे बसले. गाडी पहिल्यांदा आचका देऊन बंद पडली. उपेंद्ररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा ती निघाली.

द्वारका चौक आला, ट्रक आले, उलट्या बाजूने येणारे रिक्षावाले आले. कुसुमबाई पुढे वाकून, स्टिअरिंग घट्ट धरून, कुणालाही न घाबरल्यासारखं दाखवत चालवत होत्या. उपेंद्रराव मागे दोन्ही पायांनी जमीन दाबत होते. प्रत्येक गतिरोधकावर खालून टण्ण असा आवाज यायचा, तारेत बांधलेला तेराचा पाना आपण आहोत म्हणून कळवायचा, आणि त्यांना थोडा धीर यायचा. चांदोरी गेली. कांद्याचा ट्रॅक्टर ओलांडताना त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रॅक्टर मागे पडला होता आणि ती आरशात बघत होती, शिकवल्यासारखी. बरी चालवते, असं त्यांच्या मनात आलं. आपल्यापेक्षा बरी. त्यांना वाटलं होतं तेवढं ते टोचलं नाही.

निफाडच्या पुढे द्राक्षबागांशेजारी कुसुमबाईंनी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. स्टिअरिंगवरचे हात काढून त्यांनी ते पदराला पुसले. हात ओले होते.

"काय झालं?" उपेंद्ररावांच्या तोंडून निघून गेलं.

"सकाळपासून मागे ब्रेक दाबताय. माझ्या सीटला धक्के बसताहेत," त्या म्हणाल्या. "पुढे या."

उपेंद्रराव उतरले, पुढचं दार उघडून डाव्या सीटवर बसले. ह्या सीटवरून रस्ता वेगळाच दिसत होता. इतकी वर्षं तिला तो असा दिसत होता. त्यांनी पट्टा लावला.

"कुसुम," ते म्हणाले, "मला भीती वाटते."

"मलाही वाटते," कुसुमबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.